टॉवर नसलेली धावपट्टी आणि हवेतली टक्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैमानिक व्हायला निघालेली नागपूरची बरीच मुलं-मुली थिअरी इथे शिकतात आणि प्रत्यक्ष उडायला दुसऱ्या गावी जातात : गोंदिया, बारामती, शिरपूर, नाहीतर थेट कॅनडा-अमेरिका. टॉवर, म्हणजे विमानांना रेडिओवरून परवानगी देणारे नियंत्रक, नसलेल्या धावपट्टीवर टक्कर कशी टाळायची याबद्दल ग्राउंड क्लासमध्ये मुलं आणि घरी परतल्यावर त्यांचे आईवडील जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं लहान विमानांपुरती आहेत. तुमच्या शाळेची लेखी नियमावली आणि तुमचे इन्स्ट्रक्टर यांचं सांगणं नेहमीच या पानाच्या वर.

आपल्या सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, तर टॉवर आहे. मग नागपूरच्या मुलांनी हे कशाला शिकायचं?

कारण तुमचे पहिले शंभर-दोनशे तास बहुधा सोनेगावला होणार नाहीत. तिथे प्रवासी विमानं आहेत, हवाई दल आहे; टच अँड गो (उतरून लगेच पुन्हा उडणं) करत बसायला मोकळीक कमी. शिकाऊ उड्डाणं छोट्या धावपट्ट्यांवर चालतात आणि त्यातल्या अनेक ठिकाणी टॉवर नसतो, किंवा ठरावीक वेळेपुरताच असतो. शिवाय विदर्भाचं आकाश आता पूर्वीसारखं रिकामं राहिलेलं नाही. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेच. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, आणि तिथेच उभ्या राहणाऱ्या एअर इंडियाच्या अकादमीसाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली गेली. ही सगळी विमानं क्रॉस कंट्रीला (दुसऱ्या गावापर्यंतच्या सराव उड्डाणाला) निघाली की आसपासच्या धावपट्ट्यांवरच जाणार.

टॉवर नसेल तर विमानाला परवानगी देतं कोण?

उतरायची परवानगी कुणीच देत नाही. काही ठिकाणी शाळेचा माणूस रेडिओवर बसून वारा सांगतो, कोण कुठे आहे ते सांगतो. ती माहिती असते, हुकूम नव्हे. तो ‘रनवे मोकळा आहे’ म्हणाला तरी रनवे मोकळा आहे की नाही हे बघायचं काम तुमचंच. दोन विमानांमधलं अंतर राखणंही वैमानिकांचंच.

एवढं मोठं आकाश, आणि दोनच विमानं. ती एका जागी येतातच कशी?

आकाश मोठं आहे, धावपट्टी एकच आहे. दहा दिशांनी आलेली विमानं शेवटी एकाच रुंदीच्या पट्ट्यात, एकाच उंचीवरून, एकाच उंबरठ्याकडे निघतात. म्हणून लहान विमानांच्या टकरी बहुतेक विमानतळाजवळ, कमी उंचीवर होतात. त्याही स्वच्छ हवेत, दिवसाढवळ्या. हे ऐकून पालकांना नवल वाटतं. पण हवा छान असते तेव्हाच सगळे उडतात, आणि छान हवेत नजर सैल पडते.

आणखी एक गोष्ट : अशा टकरींमध्ये समोरासमोरच्या कमी. वेगवान विमान मागून किंवा तिरकं येऊन संथ विमानाला गाठतं, असं जास्त घडतं. म्हणजे ज्याच्यावर संकट आलं आहे त्याला ते दिसायची सोयच नसते.

सर्किट म्हणजे नेमकं काय?

धावपट्टीभोवतीचा ठरलेला आयताकृती मार्ग. उड्डाण करून सरळ वर गेलात की अपविंड, पहिलं वळण घेतलं की क्रॉसविंड, मग धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने डाउनविंड, पुढे बेस आणि शेवटी फायनल. साधारण उंची जमिनीपासून १,००० फूट. वळणं सहसा डावीकडे, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला धावपट्टी त्याच बाजूला दिसते. एखाद्या ठिकाणी गाव, टेकडी किंवा बंदी असलेला भाग असेल तर उजवं सर्किट ठरवलेलं असतं. ते निघण्याआधी वाचून ठेवायचं.

मुलांना सर्किट म्हणजे लँडिंगचा सराव वाटतो. माझ्या मते त्याचं पहिलं काम वेगळं आहे. तुम्ही कुठे असाल हे दुसऱ्याला न बोलता कळावं, हे ते काम. डाउनविंड म्हटल्यावर इतर वैमानिक आकाशाच्या एका ठरावीक तुकड्याकडे बघतात. तुम्ही तिथून दीड किलोमीटर बाहेर किंवा ३०० फूट खाली असाल तर ते बघूनही तुम्हाला बघत नाहीत. म्हणून उंची आणि अंतर नेमकं राखा, असं इन्स्ट्रक्टर ओरडून सांगतात ते केवळ चेक राइडच्या (परीक्षेच्या उड्डाणाच्या) गुणांसाठी नाही.

बाहेरून येताना सर्किटमध्ये शिरायचं कसं?

वरून डाउनविंडवर उतरत शिरायचं नाही, ही एक गोष्ट पक्की धरा. तुमच्या पोटाखाली कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही आणि त्याला छतावरचे तुम्ही दिसत नाही. सर्किटच्या उंचीवर आधीच या, सपाट उडत या, म्हणजे इतर विमानं क्षितिजाच्या रेषेत दिसतात.

पद्धती दोन-तीन आहेत. अमेरिकेत डाउनविंडच्या मध्याला ४५ अंशांनी येऊन मिळतात. ब्रिटिश वळणाच्या शाळांत ओव्हरहेड जॉइन शिकवतात : धावपट्टीच्या डोक्यावरून, सर्किटपेक्षा बऱ्याच वर राहून जा, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) बघा, खाली किती विमानं आहेत ती मोजा, मग सर्किट नसलेल्या बाजूला उंची कमी करा आणि डाउनविंडला मिळा. अनोळखी धावपट्टीवर मला ही दुसरी पद्धत आवडते, कारण ती घाई करूच देत नाही. पण तिथल्या शाळेची जी रीत आहे तीच पाळा. एकाच धावपट्टीवर दोन रिती चालणं हे कुठल्याही एका रितीच्या उणिवेपेक्षा वाईट.

समोरून विमान आलं तर दिसणार नाही का? डोळे तर चांगले आहेत.

मेडिकलमध्ये सहा बाय सहा आलं तरी हा प्रश्न सुटत नाही, आणि याचं उत्तर जरा सावकाश वाचा.

अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने वैमानिकांना दिलेल्या मार्गदर्शनात एक हिशेब आहे. वस्तू नजरेत यायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १ सेकंद, ते आपल्यावरच येतंय हे कळायला ५ सेकंद, डावीकडे की उजवीकडे हे ठरवायला ४ सेकंद, हातपाय हलायला ०.४ सेकंद आणि विमान प्रत्यक्ष वळायला २ सेकंद. एकूण साडेबारा सेकंद. आता ९० नॉटने (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) जाणारी दोन विमानं समोरासमोर धरा. ती दर सेकंदाला ९० मीटरहून जास्त जवळ येतात. साडेबारा सेकंदांत जवळजवळ १,१५० मीटर. म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत आल्यावर दिसलं, तर उशीर झालेला असतो. त्या अंतरावर सेस्ना १७२ या लहान विमानाचे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतात. पण समोरून ते कडेवर असतात, म्हणजे एक बारीक रेघ. खरा दिसण्याजोगा भाग म्हणजे धड, आणि ते समोरून जेमतेम मीटरभर रुंद.

यात डोळ्याची आणखी एक खोड भर घालते. आपली नजर हालचाल लगेच पकडते आणि स्थिर ठिपका सोडून देते. पण ज्या विमानाशी टक्कर होणार आहे ते काचेवर हलत नाही! दोघंही सरळ रेषेत, आपापला वेग न बदलता, एकाच वेळी एकाच बिंदूवर पोचणार असतील तर दुसरं विमान काचेच्या त्याच जागी थांबून राहतं, नुसतं मोठं होत जातं. बराच वेळ ते मोठं होणंही कळत नाही आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम पसरतं. काचेवर सरकणारं विमान बहुधा निघून जातं. न सरकणाऱ्या ठिपक्याला घाबरा.

म्हणून बघायची शिस्त लागते. नजर सलग फिरवली तर डोळा काहीच नीट टिपत नाही. आकाशाचे सुमारे १० अंशांचे तुकडे करा, प्रत्येकावर निदान सेकंदभर थांबा, मग पुढचा. रिकाम्या निळ्या आकाशात डोळ्याला धरायला काही नसेल तर तो आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावतो आणि लांबचं धूसर होतं; म्हणून अधूनमधून लांबची टेकडी, ढगाची कड किंवा पंखाचं टोक बघून नजर पुन्हा लांब न्या. डोकं हलवा. खिडकीच्या खांबाआड एक अख्खं विमान लपतं.

रेडिओवर सगळे आपापली जागा सांगतातच ना? मग टक्कर कशी होईल?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला, टॉवर नसलेल्या विमानतळाजवळ, सेस्ना १५२ आणि दोन इंजिनांचं सेस्ना ३४० यांची टक्कर झाली. तिघं गेले. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. लहान सेस्ना सर्किटमध्ये होतं, मोठं लांबून सरळ फायनलवर येत होतं, सुमारे १८० नॉटने. सेस्ना १५२ त्या जागी ६०-६५ नॉटने उडतं. मागचं विमान फार वेगात येतंय हे लहान विमानाच्या वैमानिकाच्या लक्षात आलं, त्याने आपण गो-अराउंड करतोय, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातोय, असं सांगितलंही. तरी वेळ पुरला नाही. तपासात मुख्य ठपका मोठ्या विमानाच्या वेगावर आणि त्याच्या वैमानिकाला दुसरं विमान न दिसण्यावर आला.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधल्या मँगलोरचं, १९ फेब्रुवारी २०२०. एक शिकाऊ विमान येत होतं, दुसरं नुकतंच निघालं होतं, दोन्ही अनियंत्रित हद्दीत. दोघांनाही एकमेकांची माहिती मिळालेली होती. ‘तू अमुक उंचीवर थांब, मी तमुक उंचीवर राहतो’ एवढं एक वाक्य दोघांत झालं नाही. चार माणसं गेली.

यावरून मी मुलांना हेच सांगतो : रेडिओ ऐकून कुठे बघायचं ते ठरवा, पण रेडिओ शांत आहे म्हणून बघणं सोडू नका. समोरचा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असेल. त्याचा आवाज कमी केलेला असेल. कुणाचं बटण अडकलं असेल. दोघं एकाच क्षणी बोलले तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि दोघांनाही वाटतं आपलं सांगून झालं. तशी शिट्टी ऐकलीत तर पुन्हा बोला.

मग बोलायचं तरी काय?

आधी गावाचं नाव आणि ‘ट्रॅफिक’, मग आपला कॉल साइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), कुठे आहोत, किती उंचीवर, काय करणार, आणि शेवटी पुन्हा गावाचं नाव. गाव दोनदा, कारण एकच फ्रिक्वेन्सी दोन-तीन धावपट्ट्या वापरत असतील तर सुरुवात ऐकू न आलेल्यालाही कळतं. सुमारे १० मैलांवरून पहिला कॉल, मग सर्किटच्या प्रत्येक बाजूला. वळायच्या आधी बोला. वळताना पंख तिरका असतो, तुम्ही जास्त दिसता आणि ऐकणारा त्याच वेळी तिकडे बघतो.

‘आजूबाजूला कुणी असेल तर सांगा’ असा सरसकट पुकारा करू नका. सगळे एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. आणि स्थानिक खुणा सांगू नका. ‘साखर कारखान्यावर आहे’ हे गावच्या मुलाला कळेल, बाहेरून आलेल्याला नाही. दिशा आणि मैल सांगा.

वारा अजिबात नसेल तर कुठल्या टोकाने उतरायचं?

शांत वारा धोक्याचा. विंडसॉक खाली लोंबत असतो, एक जण या टोकाने उतरतो, दुसरा त्या टोकाने उडतो, आणि दोघांचंही चूक म्हणता येत नाही. कुणी आधीपासून सर्किटमध्ये असेल तर त्याचंच टोक घ्या, तुम्हाला पार्किंग लांब पडलं तरी चालेल. कुणीच नसेल तर शाळेने शांत वाऱ्यासाठी ठरवलेलं टोक घ्या. शाळेने ठरवलं नसेल तर आजच ठरवायला सांगा.

सर्किट न करता लांबून सरळ फायनल घेतलं तर? वेळ आणि पेट्रोल वाचतं.

नियमाने सगळीकडे बंदी नाही. पण सर्किटमध्ये एक जरी विमान असेल तरी घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. सरळ येणारा माणूस बेसवर वळणाऱ्याला अशा बाजूने येतो जिकडे तो बघत नाही, कारण तो धावपट्टीकडे बघतोय. वॉटसनव्हिल आठवा. सर्किट पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही सगळ्यांना दिसलेले असता.

वाट कुणी द्यायची?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ मधले नियमच भारतात चालतात. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. मागून गाठणाऱ्याने उजवीकडून, लांबून जायचं, पुढच्याचा हक्क. दोघंही उतरायला येत असतील तर खालच्याला वाट, पण त्या हक्काचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. हे सगळं तोंडपाठ करा आणि तरीही समोरच्याला ते माहीत आहे असं गृहीत धरू नका.

सेस्ना चांगलं की पायपर? कशातून जास्त दिसतं?

सेस्नाचा पंख डोक्यावर : खालचं छान दिसतं, वरचं झाकलेलं, आणि वळताना वळायच्या बाजूचाच पंख खाली येऊन नेमकी तीच बाजू बंद करतो. पायपर आर्चर, डायमंड डीए४० यांचा पंख खाली : वरचं मोकळं, खालचं झाकलेलं. फायनलवर खाली सेस्ना आणि वर पायपर, ही सगळ्यात वाईट जोडी, कारण दोघंही एकमेकांच्या झाकलेल्या बाजूला. सेस्नात वळण्याआधी पंख थोडा उचलून त्या बाजूला बघा. पायपरमध्ये उतरताना अधूनमधून हलकी वळणं घेऊन खाली बघा.

उंचीमापकातल्या चुकीने काय बिघडतं?

खूप. उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवतो; त्यात लावलेला दाब एका हेक्टोपास्कलने चुकला की जमिनीजवळ सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. दहाने चुकला तर तीनशे फूट, आणि तुम्ही सर्किटच्या उंचीवर आहात असं फक्त तुम्हालाच वाटतं. त्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब) आणि क्यूएफई (धावपट्टीपासूनची उंची दाखवणारा दाब) यांचा गोंधळ. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे. क्यूएनएच लावला तर जमिनीवर काटा हजाराच्या आसपास, क्यूएफई लावला तर शून्यावर. ब्रिटनमधल्या क्लबांत क्यूएफई चालतं, आपल्याकडे क्यूएनएच. परदेशात शिकून आलेल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

टीसीएएस (टक्कर टाळायचा आदेश देणारं यंत्र) किंवा एडीएस-बी (विमानाची जागा रेडिओवरून प्रसारित करणारी यंत्रणा) असेल तर एवढी काळजी कशाला?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांना टीसीएएस सक्तीचं केलं. पण शिकाऊ सेस्नात ते सहसा नसतं. आणि मोठ्या विमानातलं असलं तरी जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली ते ‘वर जा, खाली जा’ असा आदेश देणं बंद करतं. म्हणजे सर्किटच्या उंचीवर ते जवळजवळ गप्प.

एडीएस-बीचा पडदा खरोखर उपयोगी आहे. तो डोळ्याला दिशा देतो. पण ज्याच्याकडे ट्रान्समीटर नाही, किंवा बंद आहे, तो पडद्यावर येतच नाही. सर्किटमध्ये शिरल्यावर पडद्याकडे एक झटकन नजर, बाकी सगळी बाहेर. ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) मात्र नेहमी चालू ठेवा, उंचीसकट, आणि धावपट्टीजवळ लँडिंग लाइट दिवसाही लावा.

विदर्भात वेगळं काय सांभाळायचं?

उन्हाळा. मे महिन्यात दहानंतर हवा इतकी उकळते की लहान विमान उंची धरत नाही, म्हणून सगळेच पहाटे उडतात. गर्दी त्या दोन-तीन तासांत कोंबली जाते. त्याच वेळी सूर्य क्षितिजावर असतो आणि पूर्वेकडे तोंड असलेलं फायनल पूर्ण आंधळं होतं. हिवाळ्यात धुरकट हवेमुळे क्षितिजच हरवतं. नियमाने दृश्यता पुरेशी असली तरी पांढरं विमान पांढऱ्या धुरकटात विरघळतं. आणि घारी. गरम हवेच्या झोतात त्या नेमक्या सर्किटच्या उंचीवर घिरट्या घालतात. घारीला चुकवताना सर्किटमधून बाहेर फेकले जाऊ नका.

ड्रोन आणि पतंग?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सुरू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगी लागते. संक्रांतीच्या दिवसांत शाळेने गावकऱ्यांशी आधीच बोलून ठेवावं.

माझी मुलगी पहिल्या सोलोला (इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उडायला) जाणार आहे. शाळेला मी काय विचारू?

ताई, दादा, संकोच न करता विचारा. सर्किटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती विमानं ठेवता? सोलो विद्यार्थी असताना बाहेरच्या विमानांना काय सांगता? रेडिओवर जमिनीवरून कुणी लक्ष ठेवतं का? शांत वाऱ्यासाठी कुठलं टोक? शेजारच्या शाळेशी लेखी ठरलेलं आहे का, की कुणी कुठल्या भागात सराव करायचा? चांगली शाळा ही उत्तरं तोंडावर देते.

कॅनडात मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ ८ जुलै २०२५ रोजी एकाच शाळेची दोन शिकाऊ विमानं धावपट्टीजवळ एकमेकांवर आदळली. दोन्ही वैमानिक विद्यार्थी होते, एक केरळचा मुलगा. दोघंही उड्डाण-उतरणीचा सराव करत होते. त्या बातमीनंतर नागपुरातल्या किती घरांतून फोन गेले असतील! म्हणूनच सांगतो, फी आणि हॉस्टेलच्या आधी हे प्रश्न विचारा.

मग सगळीकडे टॉवरच का नाही बांधत?

टॉवर म्हणजे इमारत नव्हे. दिवसभर पाळ्यांत बसणारे प्रशिक्षित नियंत्रक. दिवसाला थोडीच उड्डाणं असलेल्या ठिकाणी ते परवडत नाही. जिथे दोन-तीन शाळा एकाच धावपट्टीवर आल्या आहेत तिथे मात्र निदान माहिती देणारी सेवा असायलाच हवी असं मला वाटतं. टॉवरनेही सगळं सुटत नाही : वॉशिंग्टनला २९ जानेवारी २०२५ रोजी नियंत्रित हद्दीतच प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ माणसं गेली.

थोडक्यात वाचलो तर कुणाला सांगायचं? इन्स्ट्रक्टर रागावतील.

रागावू द्या. खाली उतरल्यावर, कुणाशीही गप्पा मारण्याआधी, वेळ, जागा, उंची, तुमची दिशा, त्याची दिशा आणि काय ऐकलं ते कागदावर लिहा. बोलायला लागलात की आठवण बदलते. मग इन्स्ट्रक्टर आणि शाळेचा सुरक्षा अधिकारी यांना सांगा. अशी घटना एअरप्रॉक्स (दोन विमानं धोक्याइतकी जवळ येणं) म्हणून डीजीसीएला, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाला, कळवली जाते. दुसऱ्या विमानाचा वैमानिक सापडला तर त्याच्याशीही बोला. बऱ्याचदा त्याने तुम्हाला पाहिलेलंच नसतं, आणि हे त्याला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळतं.